चारशे रुपयांचा संसार

रोवणी आटोपत आली आहे, पाठ अजून धरलेली आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. आमचीही धरली आहे. म्हणून आज हप्ता, व्याज, थकबाकी यातलं काही सांगणार नाही. आज एका जोडप्याच्या संसाराची गोष्ट सांगतो. पण आम्ही पडलो गटाच्या बाया, तेव्हा मधे मधे हिशोब येणारच.

आपला आंबागडचा किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे, तो सातपुड्याचाच. हाच सातपुडा पश्चिमेकडे जात राहतो आणि अमरावती जिल्ह्यात त्याला मेळघाट म्हणतात. धारणी आणि चिखलदरा असे दोन तालुके. डोंगर, सागाचं जंगल, वाघ आणि कोरकू लोकांची गावं. त्यातलं धारणी तालुक्यातलं एक गाव बैरागड. डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे हे डॉक्टर नवरा-बायको तिथे राहतात. २०१९ साली भारत सरकारनं दोघांना मिळून पद्मश्री दिली, तेव्हा त्यांची नावं गावोगावी पोचली. तोवर त्यांना तिथे राहून तीस वर्षं होत आली होती.

मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सातासमुद्रापलीकडून आलेले गोरे साहेब आणि मडम येतात. पण एखादं काम घेऊन डोंगरात जायचं आणि तिथलंच होऊन राहायचं, याला मिशन म्हणत असतील तर हे दोघं आपल्या विदर्भातलेच मिशनरी. धर्म कुणाचा बदलायचा नव्हता. लेकरं मरत होती, ती वाचवायची होती.

आता गोष्ट सुरुवातीपासून. रवींद्रभाऊ नागपूरला डॉक्टर झाले, १९८५ च्या सुमारास. गांधीजी आणि विनोबांचं वाचलेलं, त्यामुळे शहरात दवाखाना टाकायचा नाही हे मनात पक्कं होतं. जिथे डॉक्टरच नाही तिथे जायचं होतं. जायच्या आधी त्यांनी जाणत्या डॉक्टरांना विचारलं, तर उत्तर मिळालं की तीन गोष्टी येत असतील तर जा. सोनोग्राफी आणि रक्ताची बाटली हाताशी नसताना बाळंतपण करता यायला हवं. एक्स-रे नसताना निमोनिया ओळखता यायला हवा. आणि हगवणीवर उपचार करता यायला हवेत. हे शिकायला ते सहा महिने मुंबईला राहिले, मग बैरागडला गेले. त्या काळी हरिसालपर्यंत गाडी, आणि पुढे चाळीस किलोमीटर पायी.

चाळीस किलोमीटर म्हणजे किती, हे आम्ही बैठकीत मोजायला बसलो. आंबागडहून पायी तुमसरला जाऊन पुन्हा पायी घरी आलात तरी चाळीस भरत नाहीत. आणि आपला रस्ता सपाट. तिथे चढ, उतार, नाले.

वर्ष-दीड वर्ष काम केल्यावर एक माणूस त्यांच्याकडे आला. स्फोटात त्याचा हात गेला होता आणि घटनेला तेरा दिवस झाले होते. त्याला वाचवायला आपली विद्या कमी पडते हे त्यांना कळलं आणि ते पुन्हा शिकायला गेले. एमडी केलं, आणि प्रबंध लिहिला मेळघाटातल्या कुपोषणावर. आता वाटेल की एवढं शिकल्यावर माणूस मोठ्या शहरात जाईल. ते परत बैरागडलाच निघाले. मात्र आता एकट्यानं जायचं नव्हतं. सोबत हवी होती, आणि इथून स्मिताताईंची गोष्ट सुरू होते.

मुलगी बघताना रवींद्रभाऊंच्या चार अटी होत्या. एक, चाळीस किलोमीटर चालायची तयारी हवी. दोन, लग्न कोर्टात होईल, पाच रुपयांत. तीन, महिन्याला चारशे रुपयांत घर चालवावं लागेल. चार, वेळ आली तर भीक मागायची तयारी हवी, स्वतःसाठी नाही, दुसऱ्यांसाठी.

पुष्कळ मुलींनी नकार दिला, यात त्यांचा काही दोष नाही. आमच्या बैठकीत या अटी वाचून दाखवल्या तर एक आजी म्हणाल्या, "पोरगी पाहाले आला होता का बैल पाहाले?" सगळ्या हसल्या. पण स्मिताताई हसून सोडून देणाऱ्या नव्हत्या. त्या स्वतः डॉक्टर, नागपुरात त्यांचा चांगला चाललेला दवाखाना होता. चारही अटी ऐकून, समजून त्यांनी हो म्हटलं. पेपरात काही ठिकाणी "डॉ. कोल्हे आणि त्यांच्या पत्नी" असं छापून येतं ते आम्हाला खटकतं. पत्नी तर आहेतच, पण डॉक्टरही आहेत. दोन डॉक्टर डोंगरात गेले, असं म्हणा.

पाच रुपयांच्या लग्नावर आम्ही फार बोलत नाही. आपल्या गटाची कर्जाची वही काढून बघा. बी-खत, आजारपण आणि लग्न, याच तीन कामांसाठी आपण पैसे उचलतो. त्यातलं लग्नाचं पान कुणी नीट वाचलं तर पुढचं आम्हाला सांगावं लागणार नाही.

चारशे रुपयांचं मात्र सांगतो, कारण तो आकडा कुठून आला ते कळलं की त्या घराचा सगळा दिनक्रम कळतो. रवींद्रभाऊंची फी होती पहिल्या तपासणीला दोन रुपये, आणि तोच पेशंट पुन्हा आला तर एक रुपया. आता करा हिशोब. नुसते नवे पेशंट धरले तरी चारशे रुपये जमायला महिन्याला दोनशे पेशंट लागतात, म्हणजे एक दिवस खाडा न करता रोज सहा-सात. फेरतपासणीचे धरले तर त्याहून किती तरी जास्त. तेवढ्यांना तपासायचं, आणि त्यातून आलेल्या रोजच्या तेरा रुपयांत मीठ, तेल, साबण, रॉकेल सगळं बसवायचं. त्या काळी स्वस्ताई होती असं कुणी म्हणेल. होती. पण शहरात चाललेला दवाखाना बंद करून आलेल्या बाईला तेरा रुपये त्या काळीही तेराच वाटले असतील.

मग फुकटच का नाही तपासलं, असंही आमच्यातल्या एकीनं विचारलं. आम्हाला यात आपल्या गटाचंच सूत्र दिसतं. आपण बचत वीस रुपयांची का असेना, पण प्रत्येकीकडून घेतो. जिनं पैसे भरले ती बैठकीत बोलते. रुपया देणारा पेशंट औषध लागू पडलं नाही तर डॉक्टरला तसं तोंडावर सांगू शकतो. दान घेणारा मान खाली घालून जातो. हा आमचा अंदाज आहे, डॉक्टरांचं म्हणणं काय ते डॉक्टर जाणोत.

चौथी अट, भीक मागायची, आमच्या बायांना अजिबात आवडली नाही. शिकलेल्या बाईनं हात कशाला पसरायचा? यावर बराच वेळ गेला. शेवटी एकीनं आठवण दिली की आशाताईसाठी पाळण्याची कापडं जमवायला आपण दारोदार फिरलो होतो, ते काय होतं? मग सगळ्या गप्प झाल्या आणि चहा आला.

बैरागडला गेल्यावर स्मिताताईंना गावानं लगेच आपलं म्हटलं नाही. डॉक्टरभाऊ चालत होते, ही बाई मात्र बायांच्या हक्काचं बोलते म्हणून लोक बिचकत. हे तर आपल्याकडेही होतं. गट सुरू केला तेव्हा "घर फोडणाऱ्या बाया" हे नाव आम्हीही ऐकलं आहे. चांगली गोष्ट ही की त्यांनी बोलणं बंद केलं नाही.

मग त्यांचं पहिलं बाळंतपण आलं. गावातल्या बाया जशा घरीच बाळंत होत तसंच इथेही करायचं ठरलं, आणि बाळंतपण रवींद्रभाऊंनी स्वतः केलं. पण बाळाला मेंदूज्वर झाला, निमोनिया झाला, रक्तात जंतू पसरले. बाळ हातचं जाणार अशी वेळ आली. गावातलेच लोक म्हणाले, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. रवींद्रभाऊंनी निर्णय स्मिताताईंवर सोपवला. त्यांनी सांगितलं की गावातल्या बाकीच्या लेकरांना जो उपचार मिळतो तोच माझ्याही लेकराला मिळेल. बाळ वाचलं. त्या दिवसानंतर गावानं त्यांना परकं मानलं नाही.

तायांनो, इथे आमच्या बैठकीत दोन तट पडले. काही म्हणाल्या, केवढी हिंमत. काही म्हणाल्या, आम्ही नेलं असतं, गाव काही म्हणो. आणि एक ताई, जिचं पहिलं बाळ पावसाळ्यात नाल्याच्या अलीकडेच गेलं, ती एवढंच बोलली की निर्णय बाईवर सोपवणं सोपं असतं, बाळ गेलं असतं तर बोलही तिलाच लागला असता. तिचं म्हणणं आम्हाला पटतं. स्मिताताईंची हिंमत मोठीच, पण तो भार एका ओल्या बाळंतिणीवर आला होता हेही खरं. आणि एक गोष्ट नीट ऐका, त्या घरात उपचार करणारे दोन डॉक्टर होते. आपल्या घरात बाळाला ताप आला, झटका आला, बाळ दूध ओढेनासं झालं, तर घरी बसून हिंमत दाखवायची नाही. १०८ ला फोन करायचा, आशाताईला उठवायचं, रात्र असली तरी.

एक्स-रेशिवाय निमोनिया ओळखायचा, असं मघाशी म्हटलं. त्यातलं थोडं तुमच्याही हातात आहे, ते सांगून ठेवतो. बाळ शांत असताना, रडत नसताना, त्याच्या पोटावरचा कपडा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल आणि श्वास साठ किंवा जास्त भरले, दोन महिने ते एक वर्षाचं असेल आणि पन्नास किंवा जास्त भरले, एक ते पाच वर्षांचं असेल आणि चाळीस किंवा जास्त भरले, तर तो निमोनिया असू शकतो. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर मोजतही बसू नका, निघा. पोटावर बिबा घालणं, चटका देणं यानं छातीतला आजार जात नाही, लेकरू तेवढं भाजतं. मेळघाटात तापलेल्या विळ्याचे चटके देत. आपल्याकडे नाव वेगळं असेल, पण जुन्या माणसांच्या पोटावर डाग आहेत ते आपण पाहिलेच आहेत.

आणि हगवण लागली तर आशाताईकडे ओआरएसची पुडी मिळते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बाळ अंगावर पीत असेल तर पाजणं थांबवायचं नाही. हगवण थांबली तरी झिंकच्या गोळ्या चौदा दिवस पूर्ण द्यायच्या.

आता मेळघाटाकडे परत जाऊ. लेकरं का मरत होती? या दोघांना हळूहळू जे दिसलं ते असं. पावसाळ्यात हाताला काम नाही, कारण रस्ते बंद. काम नाही म्हणून घरात दाणा नाही. दाणा नाही म्हणून पोटुशी बाई अर्धपोटी. तिचं बाळ जन्मतःच हलकं. मग थंडी येते, अंगावर पुरेसा कपडा नाही, आणि त्या हलक्या बाळाला निमोनिया उचलून नेतो. दवाखान्यात येतो तो निमोनिया, पण त्याचं मूळ जून महिन्यातल्या रिकाम्या कणगीत असतं. नुसत्या इंजेक्शननं भागणारं नव्हतं.

म्हणून या डॉक्टरांच्या घरात डॉक्टरकी सोडून बाकीची कामं वाढत गेली. गावकऱ्यांनी म्हटलं की माणसं बघता तशी जनावरंही बघा. रवींद्रभाऊ एका जनावरांच्या डॉक्टर मित्राकडून तेही शिकले. शेळी मेली तर घराची बँक बुडते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग शेती. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात जाऊन समजून घेतलं आणि आधी स्वतःच्या शेतात करून दाखवलं. कोरकू शेतकऱ्याला तुम्ही सांगितलेलं पटत नाही, शेतात उगवलेलं पटतं. आमच्या धानपट्ट्यात तरी वेगळं काय आहे? श्री पद्धतीनं रोवणी करा म्हणून किती जण सांगून गेले, पण एका ताईच्या बांधीत फुटवे दिसले तेव्हाच बाकीच्या बांधावर आल्या.

आणि रेशन. पावसात गाव तुटायच्या आधी धान्य गावात पोचलेलं असावं, वाटप चोख व्हावं, म्हणून या दोघांनी रेशनचं काम स्वतःकडे घेतलं. विचार करा, दारात पेशंट, घरात लेकरं, आणि वर गावाच्या रेशनची काळजी. पद्मश्रीच्या फोटोत तागडी दिसत नाही. आमच्या मते ती दिसायला हवी होती.

त्यांच्या घराची एक गोष्ट बरीच सांगितली जाते. सार्वजनिक बांधकाम खात्याचे मंत्री एकदा त्यांच्या घरी आले. एवढे शिकलेले डॉक्टर आणि घर हे असं, हे बघून त्यांना वाईट वाटलं. तुम्हाला घर बांधून देतो म्हणाले. स्मिताताईंनी घर मागितलं नाही. रस्ते मागितले.

हे ऐकलं आणि आमच्या बैठकीत चहा गार झाला, कारण आमच्यापुढेही तसाच प्रश्न पडून आहे. आमच्यातल्या एका गावात महिला गटांना सभागृह बांधून देऊ असा शब्द मिळाला आहे. सभागृह कुणाला नको? पाऊस आला की आपण मंदिराच्या ओट्यावर कोंबड्यांसारख्या दाटीनं बसतो. वह्या भिजतात. पण त्याच गावाच्या नाल्यावर रपटा नाही. आषाढात दोन-तीन दिवस तरी नाला उतार देत नाही, आणि १०८ ची गाडी पलीकडेच उभी राहते. जिचं बाळ गेलं ती ताई त्याच गावची. सभागृह मागायचं की रपटा? काही बायांचं म्हणणं की रपटा करणं सरकारचं कामच आहे, तो कधी ना कधी होईल, सभागृह मात्र आज नाही घेतलं तर दुसऱ्या गावाला जाईल. हे म्हणणं अगदीच चुकीचं नाही. वर्षानुवर्षं बायांना काही मिळालं नाही, आता मिळतंय तेही सोडायचं का, असं एकीनं डोळ्यात पाणी आणून विचारलं. तिला उत्तर द्यायला आमच्याकडे कोरा कागद होता.

आणखी एक सांगावंसं वाटतं. अशा जोडप्यांच्या गोष्टी सांगताना आपण "केवढा त्याग, केवढा त्याग" म्हणतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. पण बैरागडला जायची वेळ कोल्हे जोडप्यावर आली ती तिथे डॉक्टर नव्हता म्हणून. आरोग्य केंद्रात जागा मंजूर असते आणि खुर्ची रिकामी असते, तेव्हा त्या रिकाम्या खुर्चीबद्दल ग्रामसभेत विचारायचं असतं. चारशे रुपयांत राहायला तयार असलेली जोडपी प्रत्येक डोंगरात मिळणार नाहीत. तशी कुणी राहावीत अशी अपेक्षाही आपण धरू नये. आपल्या भागातल्या नर्सताई, आशाताई स्वतःचं लेकरू सासूकडे टाकून रात्री-बेरात्री येतात. त्यांचा मोबदला वेळेवर मिळतो का, हे तरी विचारा.

तर तायांनो, ग्रामसभा येत्या पंधरवड्यात आहे. तारीख दवंडीत कळेलच, आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही लागेल. महिलांची सभा त्याच्या आदल्या दिवशी होते, तिचा ठराव वहीत लिहून घ्या, सह्या करा, अंगठे लावा. सभागृह लिहायचं की रपटा, हे त्या गावच्या बायांनीच ठरवायचं आहे. आम्ही बाहेरून येऊन सांगणार नाही. फक्त ठरवायला बसाल तेव्हा त्या ताईला बोलावून घ्या. ती फारशी बोलत नाही, मागे बसते. तिला पुढे बसवा.